भीड, भांडवल आणि भाजणी

मराठी घरात कोणी धंदा काढायचे ठरवले की भांडवल जमायच्या आधी सल्ला जमतो. देणारे बहुतेक पेन्शनर. एक तारखेखेरीज दुसऱ्या कुठल्या तारखेला पैसे येताना ज्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत, असे काका, मामा आणि मेहुणे पोह्यांवरचे लिंबू पिळत ‘धंद्यात पैसा कसा खेळता ठेवावा’ हे समजावून सांगतात. मीही त्याच पंगतीतला. फरक एवढाच की माझी नोकरी बँकेत, छोट्या कर्जांच्या टेबलावर गेली. इतरांचे धंदे बसताना मी फार जवळून पाहिले, आणि तेही पगार घेऊन.

त्या टेबलावर माझे एक मत पक्के झाले. धंदा बसलेला प्रत्येक जण ‘भांडवल कमी पडलं हो’ असे सांगतो. त्याची वही उघडली की दिसते, भांडवल होते. फक्त ते चुलतभावाकडे, शाळेतल्या मित्राकडे आणि कोणा ‘घरच्यासारख्या’ गिऱ्हाइकाकडे पडलेले होते. मागायची भीड वाटत होती, एवढेच. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याला आजीने सांगितले होते. त्याच आजीने ‘शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पैसे मागू नयेत’ असेही सांगितले होते. आपण सोयीचे तेवढे लक्षात ठेवले.

पैसे मागता न येणे हा अर्थात पुढचा टप्पा. त्याआधी पैसे घालवण्याचा टप्पा असतो आणि तो आपल्याला उत्तम जमतो.

माझ्या एका भाच्याने आयटीतली नोकरी सोडून लाकडी घाण्याचे तेल काढायचे ठरवले. कल्पना चांगली होती. तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, लोगो बघ.” पडद्यावर एक बैल होता. त्याच्या शिंगाचा शेवटी तेलाचा थेंब होत होता.

“घाण्याला बैल लावणार आहेस?”

“नाही, मोटर आहे.”

मग त्याने वेबसाइट दाखवली. सोनेरी उन्हात उभ्या असलेल्या बाटलीचे सुरेख फोटो होते. बाटलीतले तेल समोरच्या किराणा दुकानातले रिफाइंड होते, कारण स्वतःचे अजून निघायचे होते. व्हिजिटिंग कार्डे आली होती आणि त्यांवर संस्थापक, संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ही तिन्ही पदे तो एकटाच सांभाळत होता. फिरती खुर्ची आली होती. काचेची पाटी आली होती.

“आणि घाणा?”

“घाण्याचं कोटेशन आलंय. त्यालाच थोडे पैसे कमी पडतायत. म्हणून तुझ्याकडे आलो.”

उद्घाटन थाटात झाले. प्रमुख पाहुण्यांनी, अशा प्रसंगी घटनेने बंधनकारक केल्याप्रमाणे, लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणणारे शेतकरी, पहिले नांगर खपायला लागलेली दोन वर्षे, आणि अखेर १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी. गोष्ट खरी आहे आणि ऐकताना अजूनही छाती फुगते. टाळ्या पडल्या. त्या दोन वर्षांत वाण्याचे बिल कुठून भरले असेल, हा प्रश्न मात्र उद्घाटनाच्या भाषणात कोणी घेत नाही. माझ्या टेबलावर नेमका तोच प्रश्न असायचा. धंदा चालेपर्यंत घर कशावर चालणार? भाच्याला मी तो विचारला. तो म्हणाला, “मामा, निगेटिव्ह नको ना बोलूस.”

त्या दिवशी आलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने फुलांचा गुच्छ आणला होता. सेलोफेनमध्ये गुंडाळलेला, दोन-तीनशे रुपयांचा. जाताना प्रत्येकाने तेलाची छोटी बाटली भेट म्हणून नेली. विकत एकानेही घेतली नाही. ‘आता घरचाच घाणा आहे’ असे सगळे आनंदाने म्हणत होते. गुच्छांच्या पैशांत शेंगदाण्याची पोती आली असती, पण शेंगदाण्याची पिशवी घेऊन उद्घाटनाला जाण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता याच्या शेजारी दुसरे एक उद्घाटन ठेवून पाहा. १५ मार्च १९५९. मुंबईतले गिरगाव. सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांचे एक सांगणे होते, हा धंदा आहे असे समजून चालवा आणि हिशेब चोख ठेवा. देणगी घ्यायची नाही, हे त्या बायकांनी ठरवून टाकले. पहिल्या वर्षी पावसाने पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. ही त्यांची पहिली यंत्रसामग्री. ‘लिज्जत’ हे नावसुद्धा १९६२ साली, म्हणजे तीन वर्षे पापड विकून झाल्यावर ठेवले. नावासाठी स्पर्धा घेतली आणि बक्षीस दिले पाच रुपये. माझ्या भाच्याच्या बैलाच्या एका शिंगाला याहून जास्त पैसे पडले.

भाच्याचे पुढे काय झाले ते सांगतो, पण आधी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

वहिनींच्या हाताला चव आहे. चकलीला काटे असे की मोजून घ्यावेत. चार जणींनी ‘तुम्ही विकायला का काढत नाही?’ असे म्हटले आणि वहिनींनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षे जोरात चालले. दुसऱ्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्या वही घेऊन आमच्याकडे आल्या. “भाऊजी, जरा बघता का? एवढा माल गेला, पण हातात काही दिसत नाही.”

वहीत हिशेब फारच सुबक होता. एक किलो चकलीला भाजणी ८५ रुपये, तेल ६०, तीळ-तिखट-मोहन ३५. एकूण १८०. विक्री २८०. नफा किलोला शंभर, आणि त्याखाली दोन रेघा.

“गिरणीचं दळण?”

“ते काय, दहा रुपये.”

दहा लिहिले. गॅस विचारला. “गॅस तर घरात असतोच.” पंचवीस लिहिले. डबा आणि लेबल वीस. पोचवायचे कसे? “धाकटा जातो ना स्कूटरवर.” स्कूटर पाण्यावर चालत नाही, असे म्हणून पंचवीस लिहिले. झाले २६०. वहिनींचा चेहरा जरासा उतरला, पण वीस रुपये अजून शिल्लक होते.

“मदतीला कोणी होतं?”

“दोघी होत्या. एक सोऱ्या फिरवायला, एक तळायला. किलोमागे दोघींचे मिळून साठ.”

३२०.

“मोडलेल्या चकल्या, आणि चव बघायला दिलेल्या?”

इथे वहिनी हसल्या. चव बघण्याचा आमच्या इमारतीतला रिवाज त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता. चकली, चिवडा, शंकरपाळे, रव्याचा लाडू आणि शेवटी अनारसा, असे सगळे क्रमाने चाखून ‘वा! अगदी घरच्यासारखं. आम्ही मात्र घरीच करतो हं’ असे म्हणून लोक जिना उतरतात. त्याचे वीस धरले.

३४०. विक्री २८०.

वहिनी वहीकडे बघत राहिल्या. “म्हणजे किलोमागे साठ रुपये मीच देत होते लोकांना?”

“आणि तुमची मजुरी अजून धरलेली नाही.”

“माझे कसले पैसे? मी तर घरीच असते!”

हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकले असेल. शिवणकाम करणाऱ्या बाईकडून, क्लास घेणाऱ्या मास्तरांकडून, बापाच्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या मुलाकडून. सोऱ्या फिरवणाऱ्या बाईला मजुरी आहे, तळणारीला आहे. पहाटे उठून डाळी भाजणारी, भाजणीचा वास करपायच्या आत ओळखणारी, रात्री अकराला डब्यांवर लेबले चिकटवणारी बाई मात्र फुकट, कारण ती मालकीण आहे. गिरगावातल्या त्या बायकांनी लाटणाऱ्या प्रत्येकीला तिच्या लाटण्याचे पैसे दिले, आणि त्या तर सगळ्याच मालकिणी होत्या.

मी वहिनींचेही साठ लिहिले. आकडा ४०० झाला. “आता यावर नफा लावा. ४८० तरी हवेत.”

“चारशे ऐंशी!” वहिनींनी दार लोटलेले आहे ना ते बघितले. “भाऊजी, लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील हा खर्च कुठल्याच वहीत लिहीत नाहीत, आणि सगळ्यात मोठा तोच असतो.

साठ रुपयांची ही खोट इतके दिवस दिसली कशी नाही, हे विचारण्यासारखे आहे. वहिनींचे पैसे शेवयांच्या डब्यात असत. डबा स्वयंपाकघरात, म्हणजे सर्वांच्या हाताशी. त्यातून पेपरवाल्याचे बिल जाई, इस्त्रीवाल्याचे जाई, मुलीच्या रिक्षाचे जाई. पैसे काढणारा प्रामाणिकपणे ‘२०० घेतले’ अशी चिठ्ठी टाके. कोणी, कशाला, कधी, हे मात्र चिठ्ठीत नसे. उलट दिशेनेही तसेच. डाळी आणायच्या दिवशी डब्यात पैसे कमी भरले की वहिनींचे यजमान पगारातून भर घालत. संपूर्ण इमारतीला स्वस्त चकली खाऊ घालणारा गुंतवणूकदार घरातच होता. त्याला कोणी सांगितलेले नव्हते इतकेच.

पुढे यूपीआयचा क्यूआर कोड लावला. तो यजमानांच्या खात्याला जोडला, कारण वहिनींच्या फोनची स्क्रीन फुटलेली होती. दिवाळीच्या आठवड्यात यजमानांच्या फोनवर टिंगटिंग सुरू झाली. महिन्याच्या मध्यावर खात्यात इतके पैसे त्यांनी सबंध नोकरीत पाहिले नव्हते. माणूस साधा. त्यांनी बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून वॉशिंग मशीन आणले. चार दिवसांनी मार्केट यार्डातला डाळवाला पैशांसाठी उभा राहिला, तेव्हा धक्का दोघांनाही बसला. खात्यात आलेले पैसे विक्रीचे असतात. त्यात डाळवाल्याचे असतात, तेलवाल्याचे असतात, डबेवाल्याचे असतात, आणि सर्वांचे देऊन तळाशी राहतात ते आपले. डाळवाल्याने तीन हप्ते करून दिले. वॉशिंग मशीन उत्तम चालते आहे.

वहिनींना मी धंद्याचे खाते वेगळे काढायला लावले. यजमानांना वाईट वाटले. “आमच्यात कधी तुझं-माझं नव्हतं,” ते म्हणाले. हे वाक्य मी बँकेत भागीदारी मोडायला आलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकत असे.

रोखीच्या दिवसांत ‘सुट्टे नाहीत’ ही एकच सबब होती. यूपीआयला २०१६ साली सुरुवात झाली आणि सुट्ट्यांचा प्रश्न मिटला, तेव्हा मला वाटले आता उधारी संपली. लोकांनी आठवड्याभरात नवी सबब शोधली. “इथे नेट येत नाहीये, घरी जाऊन लगेच जीपे करते हं.” घर तिसऱ्या मजल्यावर. ते ‘लगेच’ अजून यायचे आहे.

वहिनींनी बाकीदारांना संदेश पाठवायचे ठरवले आणि मला मजकूर दाखवला. सुरुवातीला नमस्कार, मग तब्येतीची चौकशी, मग सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी, मुलाच्या दहावीला शुभेच्छा, फराळ आवडला ना, काही कमी-जास्त असल्यास मोकळेपणी सांगा, आणि तळाशी कंसात ‘६४० रु. सवडीने दिले तरी चालतील’. हा संदेश अठरा जणींना गेला. सोळा जणींनी अंगठा दाखवला. शब्दशः. उरलेल्या दोघींनी सासूबाईंच्या गुडघ्याविषयी सविस्तर कळवले.

मोठे गिऱ्हाईक मिळाले की हे सगळे संपेल, अशी छोट्या धंदेवाल्यांची समजूत असते. वहिनींनाही एका कंपनीची तीनशे डब्यांची ऑर्डर मिळाली. इमारतीत पेढे वाटले. पेढे विकतचे होते, कारण वहिनींना वेळ नव्हता. डाळी, पोहे, तूप, सुका मेवा यांना रोख मोजावे लागले. वरचे खोके छापणाऱ्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले. कंपनीने मात्र आधी ‘व्हेंडर’ म्हणून नोंदणी करायला लावली, मग बिल संगणकावर चढवायला लावले, मग ते चढवलेले बिल कागदावर मागितले. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर येई. त्यानंतर ‘अकाउंट्सचे सर रजेवर आहेत’ असे यायला लागले. वहीत पाहावे तर वहिनींना त्या ऑर्डरीत चांगला नफा होता. घरात गोड्या तेलाचा डबा आणायला पैसे नव्हते. नफा असूनही माणूस कंगाल असू शकतो, हे कॉलेजात वाणिज्य शाखेत तीन वर्षे शिकवतात. वहिनींना ते तीन महिन्यांत समजले.

कायदा वहिनींच्या बाजूने आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला की ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांहून जास्त ठरवता येत नाही. काहीच ठरले नसेल तर पंधरा दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही पाचर मारून ठेवली आहे: मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, म्हणून वहिनींच्या धाकट्याने ती सायबर कॅफेत पाचशे रुपये देऊन करून आणली.

मी म्हटले, “वहिनी, एक साधं पत्र लिहू. कायद्याचं कलम टाकू, व्याज टाकू.”

“नको हो भाऊजी! ती एचआरमधली मुलगी किती गोड आहे. आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल.”

“या वर्षीचे पैसे आले नाहीत तर पुढच्या वर्षीची ऑर्डर कशाच्या जिवावर कराल?”

“ते बघू.”

संसदेने चक्रवाढ व्याज दिले आहे. गोड मुलीविरुद्ध ते लावायचे कसे, याची तरतूद मात्र कायद्यात राहून गेली.

मग कर्ज काढावे, असे सर्वांनी सुचवले. दोन हजार पंधरा सालापासून मुद्रा योजना आहे, तारण मागत नाहीत. त्यातल्या गटांची नावे ज्याने कोणी ठेवली तो संसारी माणूस असला पाहिजे. ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’, १० लाखांपर्यंत ‘तरुण’. तरुणपणीचे कर्ज नीट फेडले तर आता २० लाखांपर्यंत ‘तरुण प्लस’ही आहे. ‘वृद्ध’ असा गट ठेवलेला नाही. ते काम हप्ते करतात. कर्जासाठी प्रकल्प अहवाल लागतो, आणि मराठीत कल्पित वाङ्मय कमी लिहिले जाते अशी तक्रार करणाऱ्यांनी हे अहवाल वाचलेले नाहीत. त्यात पाच वर्षे विक्री दरवर्षी वाढते, कच्चा माल कधी महागत नाही, कोणी उधार घेत नाही आणि कोणी आजारी पडत नाही. मी असे ढिगाने वाचले आणि काहींवर सहीही केली. यंत्र घ्यायला, माल भरायला कर्ज घ्यावे, त्यात वावगे काही नाही. पण लोकांकडे अडकलेल्या स्वतःच्या पैशांची जागा भरायला बँकेचे पैसे घेणे म्हणजे शेजारणीने साखर परत केली नाही म्हणून वाण्याकडून व्याजाने साखर आणणे.

या सगळ्या गोंधळात वहिनींचे एकच देणे कधी चुकले नाही. पिग्मीवाल्याचे. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही पिग्मी ठेव सुरू केली. माणूस दारात यायचा आणि रोजचे दोन आणेसुद्धा घ्यायचा. आज आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेचा पिग्मीवाला संध्याकाळी सहाला येतो. बोलत काही नाही. दारात उभा राहतो आणि यंत्राकडे बघत बसतो. दूधवाल्याला ‘उद्या ये’ सांगणाऱ्या वहिनी याला मुकाट्याने शंभर रुपये काढून देत. मी त्यांना विचारले, त्याला कसे नाही म्हणत नाही? त्या म्हणाल्या, “तो उभाच राहतो हो. बरं दिसत नाही.”

मला या उत्तरात संपूर्ण व्यवस्थापनशास्त्र दिसले. पिग्मीवाल्याला भीड नाही, कारण त्याला कमिशन आहे. आणि त्याच्यापुढे वहिनींना भीड पडते, म्हणून त्याचे पैसे बुडत नाहीत. वहिनींकडे असा उभा राहणारा माणूस हवा होता.

तो त्यांच्या घरातच निघाला. सासूबाई. वय शहाऐंशी, गुडघे कामातून गेलेले, आवाज शाबूत. मागच्या दिवाळीला इमारतीखाली टेबल मांडले, त्यावर पैसे आले की मोठ्याने ओरडून सांगणारा यूपीआयचा डबा ठेवला आणि बाजूला खुर्चीवर सासूबाईंना बसवले. डबा ‘चारशे ऐंशी रुपये प्राप्त झाले’ असे म्हणेपर्यंत सासूबाई पिशवीवरचा हात काढत नसत. “नेट नाही? बस की मग इथे जरा. येईल.” ऐंशी वर्षांच्या पुढच्या बाईशी कोण वाद घालणार? जुनी उधारीही त्यांनीच हातात घेतली. फोन लावून विचारत, “अगं, मागच्या वर्षीची चकली संपली ना? मग पैसे अजून का शिल्लक आहेत?” गुडघ्याची चौकशी करणाऱ्यांना ‘दुखतोय, आणि तुझे ६४० यायचेत’ असे एका दमात उत्तर मिळे. अठराच्या अठरा जणींचे पैसे आले.

कंपनीच्या गोड मुलीलाही त्यांनीच फोन केला. काय बोलल्या ते कळले नाही. मुलगी रडकुंडीला आली होती, असे धाकटा सांगतो. पैसे आठवड्यात आले. व्याज मागायचे राहिले, पण नवी ऑर्डरही आली, निम्मे पैसे आगाऊ घेऊन.

चकलीचा भाव ४८० ठेवल्यावर काही गिऱ्हाइके गेली. सेक्रेटरींच्या बायकोने ‘वहिनी आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत’ असे म्हटले. खरे आहे. पूर्वी त्या किलोमागे साठ रुपये घालत होत्या. आता दर महिन्याच्या एक तारखेला त्या धंद्याच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात पगार वळवतात. वहीत तो खर्च म्हणून लिहितात आणि यजमानांना त्यातले काही मिळत नाही. ते पिठाची गिरणी गाठतात, डबे पोचवतात आणि पेट्रोलची पावती जोडतात.

भाच्याने बैल ठेवला, खुर्ची विकली. त्या पैशांत घाण्याचा पहिला हप्ता भरला. आता तेल निघते, आणि चांगले निघते. नातेवाइकांना तो अजूनही पैसे मागत नाही. मी त्याला सासूबाईंचा नंबर दिला आहे.

दिवाळी जवळ येते आहे. तुमच्या इमारतीत, आळीत कोणी फराळ, पणत्या, उटणे, आकाशकंदील, काहीही विकायला काढले असेल, तर गुच्छ नेऊ नका आणि ‘आपल्याला काही कमी-बिमी?’ असे विचारू नका. एक किलो घ्या, सांगितलेल्या भावाला घ्या, आणि पैसे तिथेच उभ्या उभ्या द्या. मागच्या वर्षीचे राहिले असतील तर तेही आजच देऊन टाका. तिसऱ्या मजल्यावर नेट असते.